सात वाजता दिलेले तीन नंबर

गच्चीवर शेगडी पेटली होती आणि चिरागची बॅग जिन्यापाशी भरून ठेवलेली होती. सकाळच्या गाडीनं त्याला पहिल्या पोस्टिंगवर रुजू व्हायचं होतं, असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून. देवासला जानेवारीत रात्री दहानंतर गच्चीवर कुणी बसत नाही, पण त्या दिवशी घरात कुणालाच झोपायची घाई नव्हती.

"ट्रेनिंगमधला एक सीनियर सांगत होता," हात शेकत चिराग म्हणाला, "रात्रपाळीला शेजारच्या स्टेशनाशी जमवून घ्यायचं. प्रायव्हेट नंबर आधीच देऊन टाकायचे. दोघांचीही झोप होते. सब चलता है, भिया."

"हे प्रायव्हेट नंबर काय असतं?" त्याची बहीण मोना म्हणाली.

"सिंगल लाईनवर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असते. यंत्र बंद पडलं, की फोनवर विचारायचं, गाडी सोडू का? समोरच्यानं आपली लाईन बघायची आणि मोकळी असली तरच त्याच्या कागदावरचा एक नंबर सांगायचा. तो नंबर म्हणजे त्याचा शब्द. मग तो खोडून टाकायचा, पुन्हा वापरायचा नाही."

"आणि तू तो झोपेसाठी आधीच देणार. वा!"

"अगं, मी नाही. लोक देतात."

शेगडीपलीकडे मोरोपंत काका बसले होते. छत्तीस वर्षं रेल्वेत काढलेले. ते चिमट्यानं निखारे उलटवत होते. मोनानं त्यांच्या हाताकडे बघून नेहमीची थट्टा केली, "काका, मतदान होऊन किती महिने झाले, तुमची शाई काही जात नाही!"

एरवी ते हसायचे. आज त्यांनी मूठ मिटून घेतली.

"माझ्याबरोबरचा एक नीलकंठ होता," ते म्हणाले. "धारचा. चिराग, ऐकून जा. मग काय करायचं ते कर."

---

नीलकंठाच्या नातीचं लग्न होतं. इरावतीचं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तो पत्रिका वाटायला निघाला ती तारीख सांगतो, बारा जानेवारी, गुरुवार. पहिली पत्रिका त्यानं हाटपिपल्याला नरसिंहापुढे ठेवली, कारण त्यांच्याकडे तशी रीत आहे. मग देवासची घरं केली. आमच्याकडेही आला होता, मोना, तू चहा दिला होतास त्याला. शेवटचं घर मक्सीकडच्या एका खेड्यात, व्याह्यांचं होतं. तिथं जेवला. व्याही म्हणाले, धुकं पडलंय, थांबा. तो म्हणाला, नको, उद्या हलवाई यायचाय. एक पत्रिका जास्तीची उरली होती, ती खिशात टाकली आणि साडेदहाला गाडी काढली. गाडीत एकटाच.

हायवेवर ट्रक उलटला होता. पोलिसांनी सगळ्यांना गावातल्या रस्त्यानं वळवलं. तो रस्ता आमलाखेडीच्या जुन्या फाटकावरून जातो.

नीलकंठ चौतीस वर्षं त्या रस्त्यानं गेला नव्हता.

का, ते आधी सांगतो. एकोणनव्वद साली तो करनाखेडी स्टेशनला होता आणि पुढच्या आमलाखेडी स्टेशनला गणोजी होता. आमची बॅच एकच. गणोजी साधा माणूस, कामाला पक्का. तेव्हा कॉपिंग पेन्सिली मिळायच्या. टोक ओलं केलं की जांभळं उमटतं, पुसत नाही. गणोजी ती जिभेवर ओली करायचा. त्याच्या खालच्या ओठावर कायम जांभळा डाग. आम्ही चिडवायचो, वहिनींनी रंगवलं का रे?

त्या हिवाळ्यात चोरांनी तांब्याची तार कापून नेली होती. यंत्र बंद. सगळा कारभार फोनवर आणि कागदावर. दर गाडीला फोन, दर गाडीला नंबर. नीलकंठाला झोप आवरायची नाही. बारा जानेवारीला संध्याकाळी सात वाजता त्यानं गणोजीला फोन केला. म्हणाला, रात्री तुझ्याकडून तीन गाड्या येणार ना, हे घे तिन्हींचे नंबर. चार-एक, सहा-सात, दोन-नऊ. मला उठवू नकोस. आणि तुझाही एक देऊन ठेव, माझ्याकडून काही निघालं तर कामाला येईल.

गणोजी नको म्हणाला. नीलकंठ म्हणाला, घाबरतोस काय, सगळेच देतात. शेवटी गणोजीनंही एक दिला.

---

"सगळे द्यायचे?" मोनानं विचारलं.

"द्यायचे," काका म्हणाले.

"तुम्ही?"

काकांनी शेगडीत एक कोळसा टाकला. "ऐक पुढं."

---

पावणेबाराला नीलकंठाला उठवलं. मालगाडी येऊन उभी होती. त्यानं अर्धवट झोपेत गणोजीचा नंबर कागदावर लिहिला, ड्रायव्हरला दिला, गाडी सोडली. गणोजीकडून दोन गाड्या येऊन गेल्या होत्या. तिसरी यायची आहे, हे तो विसरला.

आणि त्याच वेळी गणोजीनं तिसरा नंबर लिहून पॅसेंजर सोडली. दोन-नऊ.

दोन्ही ड्रायव्हरांच्या हातात बरोबर कागद. एक लाईन.

कंट्रोल रूमचा फोन आला तेव्हा गणोजीला कळलं, की करनाखेडीहून मालगाडी सुटली आहे. पॅसेंजर धुक्यात माणसाच्या चालीनं चालली होती. तो लाल दिवा घेऊन धावला. इंजिनाच्या पुढं गेला. फाटकापाशी त्यानं ती गाडी थांबवलीसुद्धा. उभी गाडी म्हणून मागचे डबे वाचले. तो तसाच पुढं धावला, मालगाडी थांबवायला. ती नाही थांबली. अकरा बावन्न. सतरा माणसं गेली. अठरावा गणोजी.

नीलकंठानं नंबरांचा कागद स्टेशनच्या शेगडीत टाकला आणि नवा काढला, दोन-नऊ नसलेला. चौकशीत म्हणाला, मी आगाऊ एकही नंबर दिला नाही, पॅसेंजरसाठी तर मुळीच नाही. गणोजीनं स्वतःच्या मनानं गाडी सोडली. मेलेला माणूस काय बोलणार? गणोजीनं मालगाडीसाठी दिलेला नंबर मात्र त्याच्या कागदावर खोडलेला सापडला, म्हणजे मालगाडीला हो म्हणून वर त्यानं पॅसेंजर सोडली, असं ठरलं. झालं. दोष त्याच्यावर. त्याची बायको मालन दोन महिन्यांत क्वार्टरबाहेर. पेन्शन नाही. पार धारच्या पलीकडे नालछ्याला भावाकडे गेली, लोकांची शेतं निंदली, मुलगा वाढवला. लोक म्हणायचे, हिच्या नवऱ्यानं सतरा माणसं मारली. शाळेत मुलालाही तेच ऐकवायचे.

---

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?" मोनाचा आवाज चढला. "तेव्हापासून?"

"नीलकंठानं त्याच वर्षी सांगितलं होतं. मला एकट्याला."

"मग बोलला का नाहीत?"

खाली गल्लीत कुणाची तरी मोटरसायकल सुरू झाली आणि लांब गेली.

"मीही नंबर देत होतो ना," काका म्हणाले.

चिरागनं मान वर केली नाही.

---

त्या लग्नाच्या आठ दिवस आधी मालनची नात जया नीलकंठाकडे धारला गेली होती. शिक्षिका आहे ती. म्हणाली, आजीकडे फार दिवस नाहीत. तिला पैसे नकोत, पेन्शन नको. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, की नंबर दिले होते. मी तिला वाचून दाखवते, म्हणजे ती सुखानं जाईल. नीलकंठानं तिला चहा पाजला. म्हणाला, बेटा, पुरानी बातें उकरून काय मिळणार? घरात लग्न आहे. ती उठली. दारात म्हणाली, तुमच्या घरात लग्न आहे, आमच्या घरात चौतीस वर्षं सुतक आहे.

हे सगळं त्याच्या डोक्यात होतं, गाडी चालवताना. धुकं असं, की बॉनेटच्या पुढचं दिसेना. आता तिथं भुयारी रस्ता आहे, फाटकाच्या अलीकडे डावीकडे वळायचं. ते वळण त्याला दिसलंच नाही. सरळ गेला. आणि ब्रेक दाबला.

फाटक पडलेलं होतं.

लाल दिवा. आडवा दांडा. त्यानं इंजिन बंद केलं, गाडी जाण्याची वाट बघत बसला. सवय असते आपल्याला. घड्याळात बघितलं, अकरा वाजून पस्तीस मिनिटं. पाच मिनिटं गेली. गाडी आली नाही. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की भुयारी रस्ता झाला तेव्हाच हे फाटक काढून टाकलंय. त्यानं स्वतः पेपरात वाचलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

त्याचा मोबाईल नव्हे. फाटकाशेजारच्या खोलीतला. जुनी घंटी, तुटक-तुटक. आम्हा लोकांना ती झोपेतही कळते. एक लांब, दोन आखूड. करनाखेडीची खूण.

त्यानं काच वर केली. कान झाकले. घंटी थांबेना. एक लांब, दोन आखूड. माणूस नोकरीभर ज्या आवाजाला उठला, त्याला किती वेळ बसून राहणार? तो उतरला.

खोलीला दार नव्हतं. छपराचे पत्रे गेलेले. आत भिंतीला फोन होता. काळा. खाली लाकडी फळी, आणि कागद टोचायचा तारेचा आकडा. घासलेटचा वास येत होता.

त्यानं फोन उचलला.

"करनाखेडी?"

आवाज धापा टाकत होता.

"करनाखेडी... आमलाखेडी बोलतो. पॅसेंजर उभी आहे. निळूभिया, नंबर द्या."

निळूभिया त्याला एकच माणूस म्हणायचा.

नीलकंठ म्हणाला, "थांबव. गाडी सोडू नकोस. लाईन मोकळी नाही."

"मोकळी नाही कशी? नंबर तर दिलेत तुम्ही. सात वाजता. तीन."

"मी... नाही दिले."

पलीकडे शांत. म्हणजे तो शांत. त्याच्यामागे आवाज होते. डब्यातले. कुणीतरी मुलाला थोपटत होतं. कुणीतरी विचारलं, कौनसा स्टेशन है, भाई?

"नाही दिले?"

"नाही."

"चौकशीतही हेच म्हणालात."

नीलकंठाला फोन ठेवायचा होता. हात खाली येईना. त्यानं बाहेर बघितलं. आमलाखेडीच्या बाजूला धुकं पिवळं होऊ लागलं होतं. हळूहळू.

मग त्यानं दुसरीकडे बघितलं.

तिकडेही...

"गणोजी," तो म्हणाला, "गणोजी, थांबव रे."

"मी थांबवली होती, निळूभिया."

"हो."

"तुम्हाला माहीत आहे."

"हो..."

"मालन जागी आहे. फार वेळ नाही तिला. लिहून द्या."

"उद्या. उद्या सकाळी जातो. शपथ."

"उद्या नको. लिहा."

पायाखालची जमीन थरथरायला लागली. फळीवरचा आकडा वाजत होता. दोन्हीकडचा उजेड खोलीत आला. दोन सावल्या पडल्या त्याच्या. भिंतीवर. समोरासमोर.

खिशात पत्रिका होती. नावं घालायला घेतलेलं पेन होतं. त्यानं पत्रिका उलटी केली. मागची बाजू कोरी.

"काय लिहू?"

"खरं लिहा."

तो लिहू लागला. बारा एक एकोणनव्वद. संध्याकाळी सात. मी... आमलाखेडीला... तीन नंबर... आगाऊ दिले.

"कोणते?"

चार-एक.

रूळ ओरडत होते.

सहा-सात.

"पुढं."

दोन... नऊ.

"मला विचारलं होतंत का, लाईन मोकळी आहे का?"

नाही. त्यानं तेही लिहिलं. गणोजीचा दोष नाही. त्यानं गाडी थांबवली. दोष माझा.

"सही. नीट करा. वेळ घाला."

त्यानं सही केली. वेळ घातली. तेवीस चव्वेचाळीस.

"लावा आकड्याला."

कागदात तार घुसली.

आणि...

काही नाही.

उजेड नाही. आवाज नाही. हातात फोन नाही. भिंतीवर फोन लावायची चार भोकं, त्यात कोळ्याचं जाळं. फळी होती. आकडा होता, गंजलेला.

आकड्यावर काही नव्हतं.

तो गाडीपर्यंत कसा पोचला, त्याला सांगता येत नव्हतं. पुढं फाटक नव्हतं. नुसते रूळ, आणि रस्ता बंद करायला टाकलेले दगड. त्यानं गाडी मागं घेतली. धारला पहाटे पोचला. बायकोनं विचारलं, एवढा उशीर? तो म्हणाला, धुकं होतं. अंथरुणावर पडला, पण डोळे उघडेच.

सात वाजता जयाचा फोन आला. हे फोनवरचं बोलणं मला नीलकंठानं सांगितलं आणि नंतर जयानंही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नाही.

जया म्हणाली, "आजी काल रात्री गेली."

तो अंथरुणावर उठून बसला.

"काका, रात्री तुम्ही आमच्याकडे आला होतात का?"

"नाही... का?"

"आजी कुणाशी तरी बोलत होती. मी पलीकडच्या खोलीत होते. मला वाटलं, तापात बरळतेय. म्हणत होती, वाचा. मग थोड्या वेळानं म्हणाली, पुन्हा वाचा. मग म्हणाली, बरं. मी उठून आले, तोवर ती गेली होती. अकरा बावन्न झाले होते, मी घड्याळ बघितलं. दाराला आतून कडी होती. आणि छातीवर तुमच्याकडची लग्नपत्रिका होती. मागं तुमची सही आहे."

आमलाखेडीचं फाटक ते नालछा. किती लांब आहे, चिराग? रात्री, धुक्यात, आठ मिनिटांत कोण जाणार?

---

शेगडी विझत आली होती. कुणी कोळसा टाकला नाही.

"मग नीलकंठकाकांनी काय केलं?" चिरागनं हळूच विचारलं.

"त्या दिवशी नालछ्याला गेला. मालनला खांदा दिला. लग्नात तो अक्षता टाकायलाही उभा राहिला नाही. पत्रिकेची नक्कल घेऊन ऑफिसात गेला, म्हणाला, माझा जबाब बदलून घ्या. बाबूनं सांगितलं, त्या सालच्या फायली कधीच नष्ट झाल्या, अब क्या फायदा, बाबूजी. चार खेपा घातल्या. पावसाळ्यात वारला."

"म्हणजे कागदावर दोष अजून गणोजींचाच?" मोना म्हणाली.

"कागदावर, हो."

"आणि तुम्ही? तुम्ही तर जिवंत आहात ना, काका. तुम्ही जा ना ऑफिसात!"

"मोना," चिराग म्हणाला.

"नाही, बोलू दे तिला," काका म्हणाले. "नीलकंठ गेल्यावर मी नालछ्याला गेलो होतो. जयाला सांगितलं, मलाही माहीत होतं, मी गप्प बसलो. तिनं पत्रिका आणून माझ्यापुढं ठेवली. मागं नीलकंठाचं निळ्या पेनानं लिहिलेलं. मधोमध तारेचं भोक. आणि सगळ्यात खाली दुसऱ्या अक्षरात, कॉपिंग पेन्सिलीनं, ड्रायव्हरनं कागद घेतला की लिहितो तसं, एकच ओळ. मिळाले, तेवीस अठ्ठेचाळीस. त्याशेजारी जांभळा अंगठा. मालनला लिहिता येत नव्हतं. ती पेन्सिल आता कुठल्याही दुकानात मिळत नाही, मी धारपासून इंदूरपर्यंत विचारलं."

"कुणीतरी जुनी ठेवली असेल," चिराग म्हणाला.

"असेल. मीही तेच म्हणालो. अंगठा खरा आहे का बघावं, म्हणून त्यावर माझा अंगठा ठेवला. सहा महिने झाले होते त्या पत्रिकेला. कोरडी ठणठणीत."

काकांनी मिटलेली मूठ शेगडीवर आणली आणि उघडली.

मोनानं आजवर नीट बघितलं नव्हतं. मतदानाची शाई डाव्या हाताच्या बोटाला लावतात. काकांचा हात उजवा होता. अंगठ्याच्या पेरावर जांभळा डाग होता, आणि त्यात रेषा होत्या. बारीक, गोल, दाट रेषा. त्या काकांच्या अंगठ्याच्या रेषांवरून आडव्या गेल्या होत्या.